नाकारलेली पिशवी

"मामा, माझं रक्त नाकारलं त्यांनी!"

भाची अमेरिकेहून फोनवर बोलत होती. आवाज रडवेला. पहिल्या बाळंतपणात तिने नाळेचे रक्त तिथल्या सार्वजनिक पेढीला दान केले होते. ते साठवणीस योग्य ठरले नाही, असे पत्र आले होते.

आपल्याकडे नाळ म्हणजे पुरायची वस्तू. एखाद्याला गावाची फारच ओढ दिसली, की 'तिथे काय तुझी नाळ पुरली आहे?' असे आपण विचारतो. पण १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला, त्याच्या धाकट्या बहिणीच्या जन्मावेळी घेऊन गोठवलेले नाळेचे रक्त दिले. मुलगा वाचला, आणि पुरायची वस्तू जपायची झाली.

मी मराठीचा मास्तर. पेशींशी माझा संबंध वाङ्मयीनसुद्धा नाही. तरी भाचीसाठी एका डॉक्टर स्नेह्यांना गाठले. ते म्हणाले, रक्त किती यापेक्षा त्यात केंद्रक असलेल्या पेशी किती, त्यातही सीडी-३४ ही खूण असलेल्या मूळ पेशी किती, हे पाहतात. रोग्याच्या वजनाच्या दर किलोमागे त्या पुरायला हव्यात. म्हणून मोठ्या माणसाला एक पिशवी पुष्कळदा अपुरी पडते. बाळ वजनदार असले, तर पेशी सहसा अधिक. रक्त गोठले, जंतू शिरले, किंवा पेढीत पोचून प्रक्रिया व्हायला साधारण दोन दिवसांहून अधिक गेले, की बाद. यातून तरले, तर उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये मुक्काम! दानात आलेल्या बहुतेक पिशव्या तिथवर पोचतच नाहीत.

निघताना त्यांनी विचारले, "नाळ लगेच कापली होती का?"

मी रात्री भाचीला विचारले. नाही, डॉक्टरीणबाई दोन मिनिटे थांबल्या होत्या. "बाळाला बरं असतं, म्हणाल्या."

असतेच. तेवढ्या वेळात नाळेतले रक्त बाळाकडे जाते, त्याचा लोहाचा साठा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही निदान एक मिनिट थांबा म्हणते. पिशवीत मात्र तेवढे कमी उतरते.

"अगं, म्हणजे रक्त चांगलंच होतं. तुझ्या लेकीनं आधी आपला वाटा घेतला, एवढंच!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसू आले.

"खादाडच आहे मामा ती, पहिल्यापासून!"