पाकोळीसाठी एक वीट

आफ्रिकेतून उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये येणारी ‘स्विफ्ट’ ही पाकोळी जुन्या घरांच्या वळचणीतील फटींत घरटे करते. दरवर्षी ती त्याच फटीकडे परतते. पण घरातली ऊब टिकावी म्हणून आता फटी राहूच देत नाहीत. २०२१ साली ही पाकोळी तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेली.

उपाय साधा आहे. नवी भिंत बांधतानाच तिच्यात एक पोकळ वीट बसवायची. बाहेरच्या बाजूला भोक, आतून बंद. खर्च किरकोळच. ब्रायटन शहराने २०२० पासून पाच मीटर किंवा त्याहून उंच नव्या इमारतींना अशा विटांची अट घातली आहे.

उंची कशाला? पाकोळीचे पंख लांब, पाय अगदीच आखूड. भोकातून ती खाली झेपावते व पडता पडता वेग घेते. पक्ष्याला उचलून धरणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवेचा विरोध सोडून दिला, तर दोन मीटर पडताच वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर जातो. (२ × ९.८ × २ याचे वर्गमूळ काढून पाहा.) म्हणून भोकाखाली झाड वा तार नको. दक्षिणेची भिंतही टाळतात. तेथे वीट उन्हाने तापते.

गंमत म्हणजे या विटांत चिमण्याही बिऱ्हाड थाटतात.