अ‍ॅव्हरेज चांगले, पण पैसे वाचतात का?



नवी गाडी दाराशी आली, की पेढा तोंडात टाकता टाकताच शेजारी विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" खरे म्हणजे त्यांना विचारायचे असते ते असे : एका लिटर पेट्रोलमध्ये ही गाडी किती किलोमीटर जाते? 'अ‍ॅव्हरेज' हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, की आपणही या लेखात तोच वापरू.

अकरावीतील एका विद्यार्थिनीने एकदा तास संपल्यावर मला गाठले. घरी गाडी घ्यायचे चालले होते. एक गाडी लिटरला १८ कि.मी. जाणारी, दुसरी २४ कि.मी. जाणारी, पण दुसरी १,२०,००० रुपयांनी महाग. वडील म्हणत होते, "जास्तीचे पैसे चार वर्षांत पेट्रोलमध्येच वसूल होतील." आई म्हणत होती, "त्यासाठी बँकेतली ठेव मोडू नका." मुलीने विचारले, "सर, खरे कोणाचे?"

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तोच येथे पुन्हा मांडू.

साधा भागाकार

पहिला प्रश्न किमतीचा नाही, अंतराचा आहे. गाडी वर्षाला किती धावणार? वडिलांचे कचेरीला जाणे-येणे आणि सुट्टीतला प्रवास धरून वर्षाचे ६,००० कि.मी. भरत होते. सोयीसाठी पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू.

पहिल्या गाडीला वर्षाला लागेल ६,००० ÷ १८ म्हणजे सुमारे ३३३ लिटर पेट्रोल. दुसरीला ६,००० ÷ २४ म्हणजे २५० लिटर. फरक ८३ लिटरचा, म्हणजे वर्षाला सुमारे ८,३०० रुपयांचा. आता १,२०,००० ला ८,३०० ने भागा. उत्तर येते साडेचौदा वर्षे! आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी मुळात १५ वर्षांसाठी असते. म्हणजे पैसे फिटेपर्यंत नोंदणीची मुदतही संपत येणार.

पण थांबा, अजून एक गोष्ट राहिली. ती १,२०,००० रुपयांची ठेव मोडली नसती, तर तिच्यावर व्याज मिळाले असते. ७ टक्के दर धरला तर वर्षाला ८,४०० रुपये. पेट्रोलमध्ये वाचले ८,३००, व्याजाचे गेले ८,४००! म्हणजे या घरापुरता आईचा मुद्दा अगदी बरोबर होता.

मग वडील चुकले का? गाडी वर्षाला ३०,००० कि.मी. धावत असती, तर बचत पाचपट, म्हणजे सुमारे ४१,७०० रुपये झाली असती आणि जास्तीची रक्कम तीन वर्षांच्या आतच वसूल झाली असती. भाड्याने गाडी चालवणारा किंवा गावोगाव फिरणारा विक्रेता महाग गाडी घेतो, तो उगीच नव्हे. गाडी तीच, पेट्रोल तेच. धावणे वेगळे म्हणून उत्तर वेगळे.

दोन मोठे की वीस?

आता एक कोडे. एका घरी जुनी जीप आहे, ती लिटरला ८ कि.मी. जाते. तिच्या जागी १० कि.मी. जाणारी जीप आणली. दुसऱ्या घरी लिटरला ४० कि.मी. जाणारी मोटारसायकल विकून ६० कि.मी. जाणारी घेतली. दोन्ही घरची वाहने महिन्याला १,००० कि.मी. धावतात. जास्त पेट्रोल कोणाचे वाचले?

पटकन उत्तर येते, 'मोटारसायकलवाल्याचे'. पण भागून पाहा. जीपला पूर्वी १२५ लिटर लागत, आता १०० लागतात. वाचले २५ लिटर. मोटारसायकलला पूर्वी २५ लिटर लागत, आता १६.७, वाचले केवळ ८.३ लिटर. अ‍ॅव्हरेज दोनाने वाढवणाऱ्याची बचत वीसने वाढवणाऱ्याच्या तिप्पट झाली!

याचे कारण असे, की अ‍ॅव्हरेजमध्ये लिटर भाजकाच्या जागी आहेत आणि आपला खर्च तर लिटरवर होतो. खर्च अ‍ॅव्हरेजच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आलेख काढलात तर सरळ रेषा येणार नाही, अपास्त येईल : सुरुवातीला एकदम खाली उतरणारा आणि पुढे जवळजवळ आडवा होणारा. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल या दोघा अमेरिकन संशोधकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की या आकड्यांमुळे भलेभले लोक फसतात. युरोपातील पुष्कळ देशांत आकडा उलटा सांगतात : १०० कि.मी. जायला किती लिटर? त्या पद्धतीत जीप १२.५ वरून १० वर आली आणि मोटारसायकल २.५ वरून १.७ वर, हे पाहताक्षणीच कळते.

लिटर जाते कोठे?

एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा मिळते. शहरातल्या रहदारीत तिचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरू. बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून निघून जाते. चाकांपर्यंत आलेली ऊर्जा तीन ठिकाणी खर्ची पडते : टायरचे घर्षण, हवेचा अवरोध आणि ब्रेक.

ब्रेकचा हिशेब तुम्हालाही करता येईल. १,००० किलोग्रॅमची गाडी ताशी ३६ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात आहे. तिची गतिज ऊर्जा ½ × १,००० × १०² = ५०,००० ज्यूल. ब्रेक दाबून गाडी थांबवली, की ही सारी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. तोच वेग पुन्हा मिळवायला पाचपट, म्हणजे २,५०,००० ज्यूलचे पेट्रोल जाळावे लागते. ते होते सुमारे ८ मिलिलिटर. किंमत ८० पैसे!

दिवसाला असे २० वेळा थांबलात, तर १६ रुपये गेले. पुढचा लाल दिवा लांबूनच पाहून वेळीच पाय उचलला आणि यातले निम्मे ब्रेक टाळले, तर ३०० दिवसांत सुमारे २,४०० रुपये वाचतात, तेही नवी गाडी न घेता. हायब्रिड गाडी शहरात किफायतशीर ठरते ती यामुळेच. ब्रेक लावताना तिची मोटर जनित्र बनते आणि त्या ५०,००० ज्यूलपैकी काही भाग बॅटरीत परत साठवते.

हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० कि.मी. गेलात, तर तो दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. महामार्गावर वेगाची किंमत मोजावी लागते ती येथे.

जाहिरातीतला आकडा

पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत गाड्यांच्या चाचण्या होतात. तेथे गाडी फिरत्या रोलरवर ठरावीक क्रमाने चालवतात. सर्व गाड्यांना एकच कसोटी मिळावी, हा तिचा हेतू. त्या कसोटीत खड्डे नसतात, घाट नसतो, आठवडी बाजारची गर्दी नसते. म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येतो. गंमत अशी, की दोन्ही गाड्यांचे अ‍ॅव्हरेज सारख्याच प्रमाणात घसरले, तर बचत कमी न होता वाढते! वरील गाड्या १३.५ आणि १८ वर आल्या असे धरून भागून पाहा. फरक ८३ लिटरऐवजी १११ लिटर येईल आणि जास्तीची रक्कम साडेचौदाऐवजी अकरा वर्षांत फिटेल, अर्थात व्याज सोडून.

पैसा आणि इंधन

एक सावधगिरी. पैसे वाचले नाहीत, याचा अर्थ इंधन वाचले नाही असा नाही. त्या घरी ८३ लिटर पेट्रोल वाचलेच असते. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला १९० किलोग्रॅम वायू कमी झाला असता. आपल्या देशाला लागणारे बहुतेक खनिज तेल परदेशातून येते, हेही विसरून चालणार नाही. यासाठी कोणी जास्त पैसे मोजले, तर तो मूर्खपणा नव्हे. मात्र पैसे कशासाठी मोजत आहोत, हे मोजणाऱ्याला ठाऊक असावे.

तुम्हीच करून पाहा

घरच्या किंवा शिक्षकांच्या वाहनाची टाकी पूर्ण भरून घ्या आणि मीटरवरील किलोमीटर टिपून ठेवा. काही दिवसांनी त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरा. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले, तेवढेच मधल्या काळात जळले. मीटरच्या दोन आकड्यांतील फरकाला त्या लिटरने भागा. असे चार वेळा करा, म्हणजे भरताना झालेली चूक कमी होईल. मग १०० कि.मी.ला किती लिटर, तेही काढा. वर्गातील दहा वाहनांचा तक्ता केलात, तर कोणाचे वाहन बदलल्याने सर्वांत जास्त पेट्रोल वाचेल, हे तुम्हीच सांगू शकाल.

त्या विद्यार्थिनीच्या घरी शेवटी साधी गाडी आली. वहीतला हिशेब वडिलांनी दोनदा तपासला, असे तिने मला सांगितले. गाडीत चूक असेल तर दुरुस्त होते. खरेदीतली चूक मात्र वर्षानुवर्षे पेट्रोलपंपावर मोजावी लागते. तेव्हा शेजाऱ्यांनी "अ‍ॅव्हरेज किती?" विचारले, की उत्तर अवश्य द्या. पण गाडी घेण्यापूर्वी स्वतःला दुसराच प्रश्न विचारा : "वर्षाला किती धावणार?"