शिक्षकाचें शिक्षण व शिक्षकाचें वेतन

प्राथमिक शिक्षकांचा दर्जा उंचावण्यासाठीं सरकारनें पैसा खर्च करावा, याविषयीं सुशिक्षितांत मतभेद नाहीं. मतभेद आहे तो पैसा कोठें घालावा याविषयीं. सन १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं सांगितलें कीं, प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण असून त्यांपैकीं थोडेच ट्रेनिंग कॉलेजांत तयार झालेले आहेत. पगार क्वचितच १० रुपयांवर जातो आणि विद्याहि बेताचीच. हें आम्हां ब्राह्मणांस झोंबण्यासारखें खरें. परंतु त्यांनीं प्रशिक्षित शिक्षक मागितला, तेव्हां त्यास निदान १२ रुपये द्या असेंहि बजावलें. या दोन मागण्या त्यांनीं एकमेकींपासून तोडल्या नाहींत.

आज त्या तुटल्या आहेत. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२० मध्यें ‘स्टार्स’ प्रकल्प मंजूर केला. महाराष्ट्र धरून ६ राज्यें, ५,७१८ कोटी रुपये, त्यांत जागतिक बँकेचे सुमारें ३,७०० कोटी! शिक्षकांची तयारी हें त्याचें एक मुख्य अंग. उत्तम झालें. परंतु याच महाराष्ट्रांत सन २००० पासून नव्या शिक्षकास पहिलीं ३ वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काढावीं लागतात. प्राथमिक शाळेंत तें मानधन आरंभीं ३,००० रुपये होतें, पुढें ६,००० झालें, आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झालें. त्याच वर्षीं जुलैंत रिकाम्या जागीं निवृत्त शिक्षक नेमण्याचें ठरलें, त्यांस २०,०००! पेन्शन खाणाऱ्या आम्हां म्हाताऱ्यांस अधिक आणि प्रपंच मांडूं पाहणाऱ्या तरुणास उणें, हें त्रैराशिक आम्हांस तरी सुटत नाहीं.

रत्नागिरीकडे तर आणखी एक अडचण. येथील वाड्या डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या, मुलें थोडीं, आणि पुष्कळ शाळांत शिक्षक दोनच. त्यांतील एक प्रशिक्षणास गेला कीं दुसऱ्यानें सर्व इयत्ता सांभाळाव्या. शिवाय परजिल्ह्यांतून आलेला शिक्षक संधि मिळतांच आपल्या मुलखाकडे बदली मागतो, आणि त्याच्यावर झालेला खर्च त्याच्याबरोबर घाट चढतो. त्यास दोष कसा द्यावा? लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळक रत्नागिरींतच शिक्षक होते. सन १८६६ मध्यें बढती मिळतांच तेहि पुण्यास गेले.

प्रशिक्षणाच्या दिवसांपुरता शाळेवर दुसरा माणूस आणि पहिल्या दिवसापासून पुरा पगार, एवढी तरतूद या रकमांतून प्रथम व्हावयास हवी होती. आमच्या वाचकांच्या घरीं यंदा कोणी उत्तम गुणांनीं पदवीधर झालें असेल. त्यास वाडीवरच्या शाळेंत जा, असें घरचीं वडील माणसें सांगतील काय, हें त्यांसच विचारावें.