पडद्यावरील मृतांचे जिवंत प्रश्न

आपल्याकडील भुताची एखादी वासना अपुरी राहिलेली असते. ती पुरविली की ते शांत होते. 'झोंबी'चे तसे नाही. हैतीतील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना मरणानंतरही सुटका नाही, ही धास्ती या कल्पनेच्या मुळाशी आहे. जॉर्ज रोमेरो यांनी १९७८ च्या चित्रपटात मृतांची ही झुंड बाजारसंकुलात आणली. पुण्याच्या सरपोतदार घराण्यातील आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'त (२०२२) ती डोंबिवलीत अवतरते. परंतु तेथे टोलेजंग इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यात पाण्यावरून आधीच तेढ असते. पुण्यातही सोसायट्यांचे टँकर आणि वस्त्यांतील सार्वजनिक नळ शेजारी शेजारीच नांदतात. पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न सुटत नाही, तोवर पडद्यावरचे हे भय प्रेक्षकाला परके वाटणार नाही.