अपेलेट साइड : मुंबई उच्च न्यायालयाची अपील शाखा

मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले, तेव्हा दोन जुन्या व्यवस्था त्यात विलीन झाल्या. मुंबई शहरापुरते दावे चालवणाऱ्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाचे काम ओरिजिनल साइडकडे आले; मुफसलातील अपिले ऐकणाऱ्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालतींचे काम अपेलेट साइडकडे गेले. ही विभागणी आजही कायम आहे.

अपिलाचे अधिकारक्षेत्र मुख्य पीठाबरोबरच नागपूर, औरंगाबाद आणि गोवा खंडपीठांत वाटलेले आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) खाली १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत.

दिवाणी दाव्यातील पहिले अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली होते. दाव्याचे मूल्य ठरलेल्या मर्यादेत असल्यास ते जिल्हा न्यायालयात, त्याहून अधिक असल्यास थेट उच्च न्यायालयात जाते. हुकूमनाम्यापासून मुदत जिल्हा न्यायालयासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयासाठी ९० दिवस. प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ त्यातून वजा होतो. त्याउपर उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्ज करून सबळ कारण दाखवावे लागते.

दाखल झालेल्या अपिलाला आधी फक्त स्टँप नंबर मिळतो. कोर्ट फी कमी, नक्कल अपुरी, अशा त्रुटी दूर झाल्यावर अपील नोंदले जाते. अपील केले म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते. उत्तरवादीलाही निकालाचा काही भाग मान्य नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात तो क्रॉस ऑब्जेक्शन दाखल करू शकतो. खालच्या कोर्टातून मूळ दप्तर मागवले जाते. नवा पुरावा सहसा घेतला जात नाही. आदेश ४१, नियम २७ मधील अपवाद मोजके आहेत.

पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासले जातात. कलम १०० खालील दुसऱ्या अपिलाचा दरवाजा मात्र अरुंद आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ते कायद्याच्या सारभूत प्रश्नावरच चालते आणि तो प्रश्न न्यायालयाला स्वतः शब्दांत मांडावा लागतो. शेताचा बांध नेमका कुठे होता, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. त्यावर जिल्हा न्यायालयाचा निष्कर्ष सहसा अंतिम ठरतो. पण केवळ सातबाऱ्यावरील नोंदीलाच मालकीचा पुरावा मानून हुकूमनामा झाला असेल, तर कायद्याचा प्रश्न उभा राहतो. असा प्रश्न नसल्यास अपील दाखलपूर्व सुनावणीतच, म्हणजे ॲडमिशनच्या टप्प्यावर, फेटाळले जाते. एकल न्यायमूर्तींनी अपिलात दिलेल्या निकालावर कलम १००-अ मुळे त्याच न्यायालयात पुन्हा अपील करता येत नाही.

फौजदारी बाजूला सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्या आरोपीचे अपील उच्च न्यायालयात येते. फाशीची शिक्षा असल्यास आरोपीने अपील केले नाही तरी सत्र न्यायालय प्रकरण कायम करण्यासाठी पाठवते, आणि उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याखेरीज शिक्षा अमलात येत नाही. दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाल्यास ते प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींसमोर जाते.

यापुढचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाचा. दिवाणी प्रकरणात त्यासाठी अनुच्छेद १३३ खाली उच्च न्यायालयाचे प्रमाणपत्र लागते. ते न मिळाल्यास अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती मागता येते, आणि ती देणे सर्वोच्च न्यायालयाच्या स्वेच्छाधिकारात असते.