बंदूक : घरचा कायदा आणि बाहेरचें धोरण

राष्ट्राचा स्वभाव दोन ठिकाणीं ओळखावा : तें आपल्या लोकांस कोणते नियम लावतें, आणि इतर राष्ट्रांशीं व्यवहार करितांना स्वतः कोणते नियम पाळतें. बंदुकीच्या बाबतींत ह्या दोहोंत किती अंतर पडतें, हें आमच्या सातारा-सांगलीकडील उदाहरणांवरून चांगलें समजतें.

पाटण किंवा शिराळा तालुक्यांतील शेतकऱ्यास पिकाच्या रक्षणासाठीं साधी ठासणीची बंदूक हवी असली, तरी त्याला १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अर्जदार कोण, त्याचें वर्तन कसें, बंदूक कशासाठीं हवी, ह्याची पोलिसांकडून चौकशी होते. मगच परवाना मिळतो किंवा नाकारला जातो.

ह्या परवान्याचें मूळ परकीय अमलांत आहे. १८७८ सालीं लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकीर्दींत झालेल्या कायद्यानें हिंदी मनुष्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरविला आणि युरोपियनांस सूट दिली. तेंच ब्रिटिश सरकार १८९० सालीं ब्रुसेल्सच्या परिषदेंत, गुलामांचा व्यापार थांबावा म्हणून, आफ्रिकेंत जाणाऱ्या बंदुकांवर निर्बंध घालण्यास कबूल झालें. परिषदेंत मानवतेची भाषा, आणि हिंदुस्थानांत वर्णावरून ठरणारा न्याय! अशा कायद्याविषयीं आदर कसा राहावा? क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या प्रतिसरकारानें १९४३ नंतर ह्याच मुलखांत तो कायदा झुगारून शस्त्रें हातीं घेतलीं.

आतां स्वतंत्र भारताकडे पाहूं. २ एप्रिल २०१३ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें शस्त्रव्यापाराचा करार १५० हून अधिक मतांनीं संमत केला. त्याचा आशय आमच्या परवान्यासारखाच आहे : घेणाऱ्याच्या हातून शस्त्राचा दुरुपयोग होईल काय, हें विकणाऱ्या राष्ट्रानें आधीं तपासावें. भारत त्या वेळीं तटस्थ राहिला, व पुढेंही त्यानें सही केली नाहीं. कारणें पोकळ नव्हतीं. करार निर्यात करणाऱ्या राष्ट्रांस झुकतें माप देतो आणि दहशतवाद्यांच्या हातीं पडणाऱ्या शस्त्रांस पुरेसा आळा घालीत नाहीं, असें भारताचें म्हणणें होतें. जो देश मुख्यतः शस्त्रें विकत घेतो, त्याला अशी चिंता वाटणें स्वाभाविक होय.

परंतु काळ पालटला आहे. २०२४-२५ सालीं भारतानें २३,६२२ कोटी रुपयांची संरक्षणसामग्री परदेशीं पाठविली. गिऱ्हाईक आतां दुकानदारही झालें आहे. निर्यातीस सरकारचा परवाना लागतो, आणि २०१७ सालीं भारत वासेनार व्यवस्थेंतही सामील झाला, हें खरें. तथापि त्या व्यवस्थेचे नियम प्रत्येक राष्ट्रानें स्वेच्छेनें पाळावयाचे असतात. करारासारखें बंधन तेथें नाहीं.

राजा व प्रजा, आणि राष्ट्र व राष्ट्र, हे संबंध एकसारखे नसतात, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. तरीही शिराळ्याच्या शेतकऱ्यास आपण जो प्रश्न विचारतों, तोच परदेशी खरेदीदारास विचारण्याचें बंधन आपण स्वतःवर घ्यावें कीं नाहीं, ह्याचें उत्तर उद्यांचे नागरिक म्हणून त्यांनाच द्यावयाचें आहे. दुसऱ्यास लावलेला नियम आपणही पाळला, तरच त्याला वजन येतें.