देवळालीचा स्थिरबिंदू आणि थालीपीठ

आज भूमितीतल्या ‘आरशा’वर लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण जेल रोडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. ते विचारतात, ‘स्थिरबिंदू म्हणजे आमच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४च ना? मग तुमच्या त्या गणितज्ञ फ्लोएरनं वेगळं काय केलं?’

हो, तोही स्थिरबिंदूच, म्हणजे क्रिया केली तरी जागचा न हलणारा. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत होते. त्यांचा हा खेळ मी द्वारका चौकात अडकलो की हमखास खेळतो. पुढच्या गाडीची एमएच १५ची पाटी वाचायची. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. परवा २००५ होती. उतरत्या क्रमानं ५२००, चढत्या क्रमानं ००२५, वजाबाकी ५१७५. पुन्हा तेच करत गेलो : ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेला ६१७४. सातांहून जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत. पुढे ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. द्वारकेला एका सिग्नलमध्ये असे तीन-चार नंबर सहज उरकतात.

पण हा स्थिरबिंदू खादाड आहे. हजारो संख्या गिळून बसलाय. फ्लोएरच्या सिम्प्लेक्टिक पृष्ठभागावर ती चैन नाही; तिथे क्षेत्रफळाचा हिशेब चोख, कुणी शेजाऱ्याला गिळू शकत नाही. तरीही स्थिरबिंदू निघतातच. मला याचं अजून नवल वाटतं.

मधोमध भोक पाडलेलं थालीपीठ घ्या, अजून कच्चं. बाहेरची कड उजवीकडे फिरवा, भोकाची डावीकडे. अट एकच, पीठ कुठे दाटू नये की विरळ होऊ नये. भोकापासून कडेपर्यंत कुठलीही सरळ रेघ धरा, तिच्यावर एक कण असा असणारच, जो ना उजवीकडे गेला ना डावीकडे. आत किंवा बाहेर सरकला असेल, तेवढंच. असे सगळे कण जोडून भोकाभोवती एक बंद रेषा काढा. फिरवल्यावर ती जिथे पोचली, ती दुसरी रेषा. दुसरी अख्खी पहिलीच्या आत गेली, तर तिच्या आणि भोकाच्या मधलं पीठ कमी भरेल. बाहेर गेली तर जास्त. दोन्ही चालत नाही. म्हणजे त्या छेदणार, आणि बंद असल्यानं किमान दोनदा. छेदावरचा कण जागचा हललेलाच नाही!

(पीळ आतून बाहेर सारखा वाढत जातो, असं मी धरलंय. तो वेडावाकडा असला की हा युक्तिवाद अडखळतो. पोआंकारेनं १९१२ साली हे विधान मांडलं आणि त्याच वर्षी तो गेला; सिद्धता पुढच्या वर्षी बर्कॉफनं दिली.)

फ्लोएर छेदांपाशी थांबला नाही. दोन रेषांच्या मध्ये दोन चंद्रकोरी उरतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या; पिठाचा हिशेब जुळायचा तर दोन्ही सारख्याच क्षेत्रफळाच्या. दोन छेदांना जोडणाऱ्या अशा चंद्रकोरी तो मोजतो. इथे त्या एकमेकींना कटवतात, म्हणून दोन्ही छेद खात्यावर राहतात. रेषा हवी तेवढी नागमोडी करा, छेद दोनाचे बारा होतील, पण जादाचे दहा जोडीजोडीनं रद्द होतात. १९९१ साली गेला तेव्हा फ्लोएर अवघा ३४ वर्षांचा होता.

या चंद्रकोरी आरशापलीकडे कशा दिसतात, ते पुढच्या आठवड्यात. यावेळी नक्की.